वाळूवरचा बाजारचौक

"मामा, नीट बघून घ्या. असला चौक आपल्याकडे सापडायचा नाही," असे माझा भाचा म्हणाला आणि, खरे सांगायचे तर, मी जरा चिडलोच.

आम्ही उभे होतो जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या बेर्नकास्टेल या गावी. भाचा मूळचा बुरोंडीचा. दापोली तालुक्यातल्या ज्या गावी टेकडीवर पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे, तेच हे बुरोंडी. पोटासाठी कोकणी माणूस कुठल्या कुठे जातो! हा गेला तिकडे, आणि मामा आला म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला द्राक्षांचा गाव दाखवायला घेऊन आला.

चौक सुंदर होता यात वाद नाही. लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि मधल्या जागा भरून गिलावा करायचा, अशा पद्धतीची उंच घरे चहूबाजूंनी खेटून उभी. मध्ये 1606 सालचे सेंट मायकेलचे कारंजे. जवळच 1608 सालचे नगरगृह. एका बोळाच्या तोंडाशी 1416 सालचे एक चिंचोळे घर आहे. खाली इवलीशी जागा आणि वरचे मजले पुढे आलेले, जणू डोक्यावर भली मोठी पाटी घेऊन एखादी बाई उभी आहे! त्या घरात आता वाइनचा गुत्ता आहे. गुत्ता म्हटलेले भाच्याला आवडले नाही. पण जिथे बसून पितात त्याला मी दुसरे काय म्हणणार?

मान वर केली की डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे. त्यांतल्या एकाचे नाव 'डॉक्टर'. चौदाव्या शतकात त्रीरचा एक आर्चबिशप आजारी पडला, कुणाच्या औषधाचा गुण येईना, आणि या मळ्यातली वाइन पिऊन तो खडखडीत बरा झाला, अशी कथा सांगतात. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात. ज्याची त्याची जमीन! नदीपलीकडच्या कूस भागात 1401 साली निकोलस नावाचा मोठा तत्त्वज्ञ जन्मला. पुढे तो कार्डिनल झाला आणि त्याने गावात 33 वृद्धांसाठी आश्रम काढला. येशू ख्रिस्ताचे वय तेवढे होते, म्हणून 33. या आश्रमाच्या मालकीचे द्राक्षमळे आहेत आणि म्हाताऱ्यांची सोय तिथे आजही आहे. पाचशे वर्षांहून जुनी ही व्यवस्था पाहून मला त्या चौकापेक्षाही आश्रमाचे कौतुक वाटले.

पण चौकात एक गोष्ट नव्हती. बाजार! आम्ही गेलो त्या दिवशी तिथे प्रवासी होते, पेले होते, खिडक्यांतून लाल फुले होती; घासाघीस करणारे कुणी नव्हते. मी भाच्याला म्हटले, "अरे, तुझ्या घरापासून जवळ हर्णैला याहून जिवंत चौक आहे. फक्त त्याला घरे नाहीत."

परत आल्यावर, नवरात्र आटोपताच, मी बुरोंडीहून निघालो. लाडघर, कर्दे, मुरूड अशी समुद्राच्या कडेकडेने वाट आहे. मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. 1929 साली अण्णा युरोपला गेले तेव्हा बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले होते. तेव्हा जर्मनीशी सोयरीक जोडणारा माझा भाचा या किनाऱ्यावरचा काही पहिला माणूस नव्हे.

हर्णैला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. 1755 साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. इकडे जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. आगबोटींच्या काळात मुंबईहून येणारी बोट इथे दूर पाण्यातच उभी राही आणि उतारू लहान होडीत उतरून, अर्धे भिजून, किनाऱ्याला लागत. आज होड्यांतून येते ती मासळी. काही ठिकाणी बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात शिरतात आणि पाट्या भरभरून बाहेर येतात.

वाळूवर ढीग पडतात. पापलेट, सुरमई, बांगडा, म्हाकूळ, कोळंबी. ढिगाभोवती माणसांचे कडे जमते, पुकारणारा आकडा ओरडतो, कुणी बोटाने, कुणी नुसत्या भुवईने बोली वाढवतो, आणि मिनिटभरात सौदा तुटतो. लगेच बर्फ, लगेच टेंपो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असा हा चौक वाळूवर मांडला जातो, आणि भरती आली की पुसला जातो.

"काय बगताव भाऊ? घ्यायचं हाय, का नुस्तंच बगायचं?" शेजारून आवाज आला. साठीची बाई, हिरवे लुगडे, हातात रिकामी पाटी. तीही बुरोंडीकडचीच निघाली. समोरच्या ढिगात पापलेट होते, पण तळहाताएवढेही नव्हते. 2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच साली 54 जातींच्या मासळीची किती लांबीच्या आत धरू नये ती मापे ठरवली. हे मी तिला सांगितले. शहाणपणा सांगायची खोड जात नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "ह्ये लहान हायत ते मला दिसतंय. वायचं वाढली असती तर मलाच चार पैसं जास्ती गावले असते. पण जाळ्यात आलेलं आता काय पाण्यात पोहणार हाय? मी नाय घेतलं तर दुसरी घेल. माझी पाटी तेवढी रिकामी जाईल."

मग तिने सगळे सांगितले. मोठ्या सौद्यात व्यापारी उतरले की पाटीवाल्या बायकांचा निभाव लागत नाही. मोठे पापलेट त्यांच्या हाताला लागतच नाही, ते बर्फात बसून मुंबईला जाते. जून-जुलैत मासेमारी बंद. तेव्हा सुक्या मासळीवर दिवस काढायचे. रात्री झगझगीत दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांवर तिचा विशेष राग. त्या मासेमारीला केंद्र सरकारने 2017 सालीच बंदी केली आहे, असे मी म्हटले. "बंदी कागदावर, दिवं पाण्यात," ती म्हणाली आणि बोलीत शिरली. अर्धा ढीग तिने आणि दुसऱ्या एकीने मिळून घेतला.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. पाटी पायाशी, आणि रिक्षावाल्याची कुरकूर सारखी चालू. लाडघरपर्यंत तिने तीन दारी वाटे लावले. मोठे पापलेट नाही का, असे तिन्ही दारी विचारले. घेतले मात्र तिघींनीही.

त्या रात्री मी हर्णैचे छायाचित्र भाच्याला पाठवले: वाळू, माणसांचे कडे, पाठीमागे सुवर्णदुर्ग, पुढे तो ढीग. वर लिहिले, 'हा बघ आपला चौक.' त्याचे उत्तर पहाटे आले.

'चौक झकास, मामा. पण पापलेट एवढी लहान का?'