पेशींच्या वाढीची विद्युत् नोंद

नवे औषध असो वा एखादे विषारी द्रव्य, जिवंत पेशींवर त्याचा काय परिणाम होतो हे प्रथम प्रयोगशाळेतील बशीत पाहावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात खऱ्या; परंतु अहोरात्र त्यांच्यावर डोळा कोण ठेवणार? बारकावे दिसावेत म्हणून रंग द्यावा, तर पुष्कळदा पेशी मरतात. ज्यांची वाढ पाहावयाची त्याच नाहीशा होतात! या अडचणीवरील एक उपाय आयव्हर गिएव्हर व चार्ल्स कीझ यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन केंद्रात शोधला आणि १९८४ साली प्रसिद्ध केला. गिएव्हर हे मूळचे नॉर्वेचे, शिक्षणाने यंत्र अभियंते. १९७३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

या पद्धतीत बशीच्या तळाशी सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सुमारे पाव मिलिमीटर व्यासाचा ठिपका तेवढा उघडा ठेवतात. हे एक विद्युत् अग्र. दुसरे, बरेच मोठे अग्र त्याच बशीत असते. पेशींचा पोषक द्रव क्षारयुक्त असल्याने वीज वाहून नेतो. त्यातून सेकंदास सुमारे ४,००० आवर्तनांचा, एका अँपिअरच्या दशलक्षांशाएवढा क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. पेशींना त्याची जाणवण्याजोगी बाधा होत नाही. पेशीचे पटल मात्र विजेला अडविते. ठिपक्यावर पेशी पसरल्या की प्रवाहाला त्यांच्या खालून व मधल्या फटींतून वाट काढावी लागते आणि त्याला होणारा एकूण अडथळा, म्हणजेच संरोध, वाढतो. ठिपका लहान ठेवण्यातच खरी खुबी आहे. तो मोठा असता तर द्रवाच्याच रोधात पेशींचा रोध झाकला गेला असता.

पेशी नुसत्या सोन्यावर ठाण मांडीत नाहीत. त्यावर चिकटलेल्या प्रथिनांच्या थराचा त्या आधार घेतात. रक्तद्रवात आढळणारे फायब्रोनेक्टिन आधी लावले तर पेशी लवकर पसरतात व संरोध भराभर चढतो. अल्ब्युमिन लावले तर त्याच पेशी रेंगाळतात. शरीरात बसवावयाच्या कृत्रिम भागांवर कोणता लेप द्यावा, या विचारात हा फरक मोलाचा ठरतो.

तथापि संरोध वाढला म्हणजे पेशींची संख्या वाढली, असे समजणे चुकीचे होईल. तेवढ्याच पेशी अधिक पसरल्या किंवा एकमेकींस घट्ट बिलगल्या तरी आकडा चढतो. ठिपका पुरता झाकला गेल्यावर तर तो संख्येविषयी फारसे सांगत नाही. मौज अशी की, त्यानंतरही आलेखाची रेषा स्थिर राहत नाही. पेशींच्या बारीक हालचालींमुळे ती सतत किंचित वरखाली होत असते. विषारी द्रव्य घातल्यावर पेशी आकसतात, रेषा उतरू लागते आणि पेशी मेल्या की तिची थरथरही थांबते.