लग्नातल्या कट्यारीचं चामडी म्यान: बनवायचं कसं आणि किंमत लावायची कशी

भोर-वेल्ह्याकडे लग्नसराईत नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू. कट्यार घरातली, आजोबांच्या वेळची; पण म्यान हरवलेलं किंवा फाटलेलं. मग ती टॉवेलात गुंडाळून मांडवात येते! हीच आपली संधी. राजगड-तोरण्याला येणारा ट्रेकर हौसेने हात लावतो, फोटो काढतो आणि चालू लागतो. लग्नघर मात्र तारीख ठरवूनच येतं, आणि त्याला वस्तू हवीच असते.

आधी कायदा, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नियमांच्या कक्षेत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. कट्यारीचं पातं लांबीत बसलं, तरी मुठीजवळ रुंदीत अडकू शकतं. म्हणून मी पातं विकतच नाही. पातं गिऱ्हाइकाचं, म्यान माझं. तुम्हाला पातंही विकायचं असेल, तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, मग माल भरा.

आता चामडं. बाजारात दोन प्रकार मिळतात: झाडपाल्याने कमावलेलं आणि क्रोमचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते पहिल्या प्रकारातलं. म्यानावर नक्षी उठवायची तर हेच घ्या. ओलं करून ठसा मारला की तो टिकतो. क्रोमच्या चामड्यावर तो फुगून पुसट होतो. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, तपकिरी दिसली तर आपलं. रंगवलेल्या चामड्यात मात्र फसगत होते, म्हणून बिनरंगाचं मागा. म्हशीचं, साधारण 3 मिलिमीटर जाडीचं आणि पक्क्या बिलाचं घ्या. राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे चामडं कशाचं हे बिलावर लिहिलेलं असणं तुमच्याच सोयीचं.

कट्यार जाड पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारा. पात्याची जाडी आणि शिलाईची जागा धरून दोन्ही बाजूंनी साधारण दीड सेंटिमीटर सोडा. चामड्याचे दोन तुकडे रापीने कापा. आता नवशिके विसरतात ती गोष्ट: दोन तुकड्यांच्या मध्ये, कडेकडेने, त्याच चामड्याची अरुंद वादी चिकटवायची. कट्यारीला दोन्हीकडे धार, म्हणून वादीही दोन्हीकडे आणि टोकाशी. ती नसली तर पातं आत-बाहेर होताना थेट दोरा कापतं आणि पाहुण्यांसमोर म्यान उसवतं.

नक्षी मात्र शिवण्याआधी. चामडं स्पंजने ओलं करा आणि थांबा. रंग जवळजवळ पहिल्यासारखा झाला, पण गालाला लावल्यावर गार लागलं, की ठसे मारायची वेळ झाली. फार ओल्यावर मारलं तर नक्षी पसरते, कोरड्यावर मारलं तर उठतच नाही. कुयरी, वेल, कमळ हे लग्नाला शोभतं. ओल्या चामड्याला उघडं लोखंड लावू नका, काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. सावलीत पूर्ण दिवस वाळवा. उन्हात घाई केली तर चामडं कडक होऊन तडकतं.

शिलाई हाताने, आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने आणि दोन सुयांनी. एका भोकातून दोन्ही सुया उलट-सुलट जातात, त्यामुळे एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात ते होत नाही. मी हे भोरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या एका काकांकडून शिकलो. बीबीए मला टाका शिकवणार नव्हतं. तुमच्या गावात असं कोणी असेल तर त्यांना तासावर पैसे द्या, फुकट शिकू नका.

माझी चूक ऐका. पहिल्या सीझनला एक म्यान परत आलं. नवी चकचकीत कट्यार गंजून आत अडकलेली. लग्नात टोकाला लिंबू खोचलं होतं, नंतर न पुसता तशीच म्यानात घातली आणि पावसाळाभर माळ्यावर ठेवली. लिंबाचा रस, वर वेल्ह्याचा पाऊस आणि वनस्पतीने कमावलेल्या चामड्यातलं आम्ल. पातं राहील कसं? गिऱ्हाईक बोलले ते बोलले, पण चूक माझी होती, मी काहीच सांगितलं नव्हतं. पैसे परत दिले. आता प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते: कट्यार पुसून, तेलाचा हात देऊन सुती कापडात ठेवा, म्यान मिरवायला, साठवायला नाही.

किंमतीत मी याहून मोठी चूक केली होती. हिशेब असा धरा (तुमचे आकडे वेगळे येतील): वाया जाणाऱ्या तुकड्यांसह चामडं 180, दोरा-मेण-रंग 40, टोकाची पितळी टोपी आणि तोंडाची पट्टी 110, डबा 60. झाले 390. मी 650 ला विकत होतो आणि 260 सुटले म्हणून खूश होतो. पण एका नगाला 5 तास लागतात, म्हणजे तासाला 52 रुपये! तासाला 100 धरले तरी मजुरी 500. खर्च झाला 890. भाडं, वीज, बिघडलेले नग यांचे 90 धरले की 980. त्यावर 30 टक्के नफा धरला की साधारण 1,275.

हीच वस्तू गडाच्या पायथ्याच्या दुकानात 30 टक्के कमिशनवर ठेवली, तर 1,275 मधले तुमच्या हातात 892 येतात. म्हणजे नगामागे 88 रुपयांचा तोटा. तिथे 1,400 ला विकलं तर कुठे खर्च निघतो. म्हणून मी दुकानांत माल ठेवत नाही. नमुन्याला एक नग आणि खाली फोन नंबर.

हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, 2023 पासून. तिच्या 18 व्यवसायांत चर्मकार येतात. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने. शिकवणाऱ्या काकांनाही सांगा, त्यांचा हक्क आधी.

ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि कट्यार एक दिवस दुकानात ठेवून घ्या. फोनवर पाठवलेल्या मापावर म्यान बेतू नका, दोन वेळा अंगाशी आलंय.