दावाओला लेकरू पाठवण्याआधी

सातारा-सांगलीकडच्या माणसाला फिलिपाइन्स हे नाव पूर्वी ठाऊक होते ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत काही काळ शिकलेल्या विनोबांना तो १९५८ साली, म्हणजे पहिल्याच वर्षी मिळाला. आता हे नाव घरात येते ते नीटच्या निकालानंतर. मिरज, सांगली, कराड इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण सरकारी जागेला गुण पुरत नाहीत आणि खासगी जागेची फी झेपत नाही. मग कुणीतरी तिथल्या दावाओ शहराचे नाव काढते. माहिती मिळते ती एजंटाकडून, पाहुण्यांकडून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, आणि त्यातली बरीचशी अर्धवट असते. फी, हॉस्टेल, विमानाचे तिकीट याबद्दल लोक खोदून खोदून विचारतात. ज्या माणसांत पोर पाच-सहा वर्षे राहणार त्यांच्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते मुले अडखळतात ती तिथेच.

‘तिकडे सगळे इंग्रजीच बोलतात’

हे अर्धे खरे आहे. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनची सत्ता होती आणि त्यानंतर, दुसऱ्या महायुद्धातली जपानी ताब्याची वर्षे सोडली तर, १९४६ पर्यंत अमेरिकेची. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकी शिक्षक तिथे उतरले आणि सरकारी शाळांत इंग्रजी रुजली. आजही फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही राजभाषा आहेत. कॉलेज, बँक, कोर्ट, औषधांचे दुकान इथे इंग्रजीवर भागते.

पण हा ७,६४१ बेटांचा देश आहे आणि तिथे दीडशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. फिलिपिनो ही मनिलाकडच्या तगालोग भाषेवर उभी आहे. दावाओ दक्षिणेच्या मिंडानाओ बेटावर आहे आणि तिथल्या बाजारात, रिक्षात, घराघरांत बिसाया चालते, जिला सेबुआनोही म्हणतात. प्राध्यापक इंग्रजीत शिकवतात, पण वॉर्डातली आजी पोटात कुठे आणि कधीपासून दुखते ते बिसायातच सांगते. पहिली दोन वर्षे ज्यांनी बिसायाकडे दुर्लक्ष केले त्यांना तिसऱ्या वर्षी रुग्णाशी बोलायला दुभाषा लागतो.

या बाबतीत आपल्या भागाला परक्याकडे पाहायची गरज नाही. विटा, खानापूर, आटपाडी आणि माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली. केरळात गेलेला गलाईवाला मल्याळम शिकला, तमिळनाडूत गेलेला तमिळ. गिऱ्हाईक सोने विश्वासाने हातात देते, आणि तो विश्वास त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय बसत नाही हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. डॉक्टरकी याहून वेगळी नाही.

‘हो म्हणाले, म्हणजे काम झाले’

सगळ्यांत जास्त मनस्ताप या एका समजातून होतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

आपल्याकडची बोली रोखठोक. ‘जमणार नाही’ हे तोंडावर सांगणारा माणूस आपल्याला सरळ वाटतो. फिलिपिनो माणसाला तोच माणूस कठोर वाटतो. समोरच्याची मान खाली जाऊ नये, ही त्यांच्या वागण्याची पहिली अट आहे. ‘हिया’ म्हणजे चारचौघांत वाटणारी लाज, आणि ती स्वतःला जशी नको तशी दुसऱ्यालाही देऊ नये, असा त्यांचा संस्कार. त्यामुळे नळ दुरुस्त करून द्याल का, असे विचारल्यावर घरमालकीण ‘येस’ म्हणते, तेव्हा तिचे म्हणणे बऱ्याचदा ‘ऐकले’ इतकेच असते. आठवड्याने आपला मुलगा आवाज चढवतो, ‘तुम्ही खोटे बोललात’ म्हणतो. ती हसते. त्याला वाटते, आपली थट्टा चालली आहे. खरे तर अवघडलेपण झाकायला तिथली माणसे हसतात. त्या दिवसानंतर ती बाई त्याच्याशी नीट बोलत नाही आणि बोलणे का तुटले हे त्याला कळतही नाही.

उपाय अवघड नाही. ‘कराल ना?’ असे विचारण्याऐवजी ‘प्लंबर कोणत्या दिवशी येईल?’ असे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर ते नकारच समजावे. नाजूक गोष्ट असेल तर दोघांच्या ओळखीच्या माणसाला मध्ये घालावे. तिथे ही रीतच आहे, आणि आपल्या गावातही सोयरिकीचे बोलणे मध्यस्थाशिवाय होत नाही. तक्रार एकट्यात, हळू आवाजात करावी. आपली चार मुले रात्री नुसती गप्पा मारत असली तरी त्या आवाजाने शेजाऱ्याला भांडण लागल्यासारखे वाटते, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावे.

बारीकसारीक खुणाही वेगळ्या आहेत. दोन्ही भुवया उडवल्या म्हणजे ‘हो’ किंवा नुसता नमस्कार. दिशा बोटाने नव्हे, ओठांनी दाखवतात. बोट वाकवून माणसाला बोलावणे हा अपमान आहे. बोलवायचे तर तळवा खाली करून हात हलवावा.

यातले पुष्कळ आपल्याला परके नाही, याचा मला आनंद वाटतो. वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा, याला ‘मानो’ म्हणतात, आणि आपले पोर वाकून नमस्कार करते तेव्हाची भावना तीच असते. थोरला तो ‘कुया’, थोरली ती ‘आते’, आईच्या वयाची कुणीही बाई ‘तिता’. नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे. जेवत असताना कुणी आले तर ‘या, जेवा’ म्हणतात, आणि पहिल्या बोलावण्याला आभार मानून नको म्हणायचे, हेही आपल्यासारखेच. गावाहून परतताना शेजाऱ्यांसाठी, मैत्रिणींसाठी काहीतरी आणायचे, त्याला ‘पासालुबोंग’ म्हणतात. सुट्टी संपवून जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग जरूर घालावे, आणि ते त्याने एकट्याने संपवू नये.

‘मोकळा समाज आहे, तिथे सगळे चालते’

मुलींच्या आखूड कपड्यांवरून आणि मनमोकळ्या हसण्यावरून काढलेला हा निष्कर्ष पार चुकीचा आहे, आणि मुलांना अडचणीत आणणारा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत. घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेले देश जगात दोनच उरले आहेत, व्हॅटिकन आणि फिलिपाइन्स. फिलिपाइन्समधल्या मुस्लिमांना १९७७ च्या वेगळ्या कायद्याने घटस्फोट मिळतो. बाया शिकतात, कमावतात, परदेशातून घर चालवतात. कोराझोन आकिनो आणि ग्लोरिया आरोयो या दोन बाया राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०१९ च्या ‘सेफ स्पेसेस’ कायद्यानुसार रस्त्यात शिट्टी मारणे, शेरेबाजी करणे, पाठलाग करणे, ऑनलाइन छळ करणे हे सगळे गुन्हे आहेत. गावच्या स्टँडवर जे ‘पोरांची मस्करी’ म्हणून खपते, ते तिथे पोलिसांत जाते. इथेही ते खपू नये, पण हा विषय वेगळा.

‘माळकरी माणूस उपाशी राहील’

तिन्ही वेळा भात आणि त्याबरोबर डुक्कर, कोंबडी किंवा मासा, हे रोजचे जेवण. हॉटेलात शाकाहारी मिळणे अवघड, हे खरेच. भाजी म्हणून मागवलेल्या ‘पिनाकबेत’मध्येही कोळंबीचे खारवलेले वाटण असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, मासा आणि कोळंबीही नको हे वेगळे सांगावे लागते.

बाजारात मात्र आपली आई रमेल. शेवग्याचा पाला तिथे ‘मालुंगाय’ म्हणून घरोघरी खातात. कारले, दुधी, दोडका, भेंडी, वांगी, चवळीच्या शेंगा, मूग, चिंच, नारळ सगळे मिळते. तिखट मात्र फार कमी, आंबट जास्त. ज्याला कुकर लावता येतो आणि फोडणी देता येते, त्याचे अडत नाही. मुलगा असो की मुलगी, निघण्याआधी चार महिने घरी स्वयंपाक शिकवावा. पवित्र आठवड्यात, गुड फ्रायडेच्या आसपास, दुकाने बंद असतात, तेव्हा शिधा आधीच भरावा. नाताळची गाणी मात्र सप्टेंबरपासूनच कानावर येतात.

‘वादळ, भूकंप, बॉम्ब’

दरवर्षी सुमारे वीस चक्रीवादळे फिलिपाइन्सच्या परिसरात येतात. २०१३ च्या ‘हैयान’ने ताक्लोबान शहर उद्ध्वस्त केले आणि सहा हजारांहून अधिक माणसे गेली. ही वादळे बहुतांश उत्तरेकडे आणि मधल्या बेटांवर आदळतात. दावाओ सहसा त्यांच्या वाटेत येत नाही, पण २०१२ च्या डिसेंबरात शेजारच्या दावाओ ओरिएंटल प्रांतालाच तडाखा बसला. भूकंपाचे मात्र भय खरे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रांताच्या किनाऱ्याजवळ ७.४ तीव्रतेचा धक्का बसला. १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या घरांना आणि २००५, २०१९, २०२१ चे कृष्णेचे महापूर सोसलेल्या सांगलीला तयारी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. इमारत कधीची आहे, बाहेर पडायचा जिना कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

मिंडानाओ म्हटले की बंडखोरी आठवते. २०१७ साली मारावी शहरात पाच महिने लढाई चालली, आणि २०१६ मध्ये दावाओच्या रात्रबाजारातही स्फोट झाला होता. पण अख्खे बेट धुमसते आहे असे नाही. दावाओत दैनंदिन व्यवहार सुरळीत चालतात आणि शहराचे नियम कडक आहेत. तिथे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि फटाक्यांनाही. दिवाळीला फटाके वाजवायचे नाहीत, हे मुलांना सांगावे.

त्यांच्याही मनात आपल्याविषयी काही असते

फिलिपाइन्समध्ये भारतीयाला सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात. मोटरसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणाऱ्या पंजाबी सावकारांमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पाच घ्या, सहा द्या, असा तो हिशेब. लहान मुलांना ‘बुंबाय धरून नेईल’ अशी भीतीही घातली जाते. आपले पोर पहिल्यांदा हे ऐकते तेव्हा दुखावते. चिडण्यात अर्थ नाही. आपण कोण, कुठले, काय शिकायला आलो ते हसून सांगावे, शेजारी ओळख वाढवावी.

‘एमबीबीएस करून येईल’

तिथल्या पदवीचे नाव एमडी. त्याआधी पूर्वतयारीचा बीएस अभ्यासक्रम असतो आणि तो वैद्यकीय शिक्षणात धरला जात नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे इंग्रजी माध्यमातले शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात स्थानिक नागरिकाइतकाच व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता, या अटी आहेत. नीट उत्तीर्ण असणे लागतेच. चार वर्षांचा एमडी म्हणजे ४८ महिने, हे गणित पालकांनी स्वतः करावे. विद्यार्थ्याला ९(एफ) हा विद्यार्थी व्हिसा लागतो. २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय पर्यटनाला जाता येते, त्यामुळे आई किंवा वडिलांनी पैसे भरण्याआधी एकदा दावाओ पाहून यावे. अभ्यासक्रमाचे महिने, इंटर्नशिपची जागा आणि परवान्याची अट या तीन गोष्टी एजंटाकडून ऐकून घेऊ नयेत, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर लिहून मागाव्यात. पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर पहिला हप्ता भरू नये.