पहिल्या रेसला पोडियम, पाचव्या रेसला माघार: महिंद्राच्या रेसिंग कारकडून धंद्याचा धडा



माल तयार आहे, गिऱ्हाईक वाट बघतंय आणि शेवटच्या क्षणी त्यात खोट दिसली. पाठवायचा की थांबवायचा? याचं उत्तर आज एका रेसिंग कारच्या एका सीझनमधून बघू. गाडीचं नाव एम९इलेक्ट्रो. कंपनी मुंबईची महिंद्रा, जिचा चाकणचा कारखाना आपल्या पुणेकरांना चांगलाच ओळखीचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ

फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक स्पर्धा. महिंद्रा त्यात २०१४ च्या पहिल्या सीझनपासून आहे. २०२२-२३ ला 'जेन३' ही नवीन पिढीची गाडी आली. चॅसिस, बॅटरी आणि टायर सगळ्या टीमना सारखेच. कंपनीने स्वतः करायचं ते मागच्या बाजूचं काम: मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि सॉफ्टवेअर. शिवाय एकदा मंजूर झालेलं हार्डवेअर दोन सीझन सहजासहजी बदलता येत नाही. म्हणजे सुरुवातीला जे बनवलं, त्याच्यावरच दोन वर्षं काढायची!

सीझन कसा गेला?

१४ जानेवारी २०२३, मेक्सिको सिटी. लुकास डी ग्रासी पोलवरून सुटला आणि तिसरा आला. पहिल्याच रेसला पोडियम! ११ फेब्रुवारीला हैदराबादमध्ये भारतातली पहिली फॉर्म्युला ई रेस झाली. तिथे घरच्या प्रेक्षकांसमोर ऑलिव्हर रोलंड सहावा.

दोनच आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला केपटाउन. मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षिततेबद्दल शंका आली आणि महिंद्राने रेसच्या आधी दोन्ही गाड्या मागे घेतल्या. एबीटी क्युप्रा ही टीम महिंद्राचीच पॉवरट्रेन वापरत होती, म्हणजे महिंद्राचं गिऱ्हाईकच. त्यांच्याही दोन गाड्या थांबल्या. एका शंकेपायी चार गाड्या गॅरेजमध्ये!

पुढच्या महिन्यात साओ पावलोला गाड्या परत उतरल्या. पण सीझन काही सावरला नाही. रोलंडने मध्येच टीम सोडली. शेवटी ११ टीममध्ये महिंद्राचा १० वा नंबर आला. एकूण गुण ४१, त्यातले १८ पहिल्याच रेसचे.

आपण काय घ्यायचं?

१. पहिलं यश म्हणजे टेस्टिंग नव्हे. पहिली ऑर्डर छान गेली म्हणजे माल पक्का, असं समजू नका. मेक्सिकोला टिकलेली गाडी केपटाउनला थांबवावी लागली. रस्ता बदलला, ऊन बदललं, वापर बदलला की मालाची खरी परीक्षा होते.

२. थांबण्याचा तोटा मोजता येतो. समजा, तुमचा मसाल्याचा धंदा आहे. २०० पाकिटांच्या सीलबद्दल शंका आली. एक पाकीट ८० रुपयांचं, म्हणजे फार तर १६,००० रुपये गेले. पण तीच पाकिटं दुकानात गेली आणि आत ओल धरली, तर दुकानदार परत फोन उचलेल का? तो तोटा कुठल्या वहीत मांडणार? आणि जिथे कुणाच्या जिवाला धोका आहे, तिथे हिशोब करतच बसायचं नाही. सरळ थांबायचं.

३. कारण स्वतः सांगा, लगेच सांगा. महिंद्राने त्याच दिवशी जाहीर केलं की सस्पेन्शनच्या सुरक्षिततेमुळे माघार घेतोय. 'थोडी तांत्रिक अडचण आहे' म्हणून वेळ मारून नेली नाही. तुमच्या मालावर दुसऱ्याचा धंदा चालत असेल, तर त्याला पहिला फोन तुमचा गेला पाहिजे.

४. थांबल्याने लगेच बक्षीस मिळत नाही. हे कडू आहे, पण खरं आहे. केपटाउनला योग्य निर्णय घेऊनही नंबर १० वाच आला. नवीन पॉवरट्रेन आणायची संधी मिळाली ती २०२४-२५ ला, आणि त्या सीझनला हीच टीम चौथी आली. थांबल्यामुळे तुम्ही जिंकत नाही, फक्त पुढच्या डावासाठी धंद्यात उरता. मूळ दुरुस्ती त्यानंतर करावीच लागते.

आजचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा:

- माझ्या मालात कुठली खोट दिसली तर मी डिलिव्हरी थांबवणार?
- थांबवायचा निर्णय कोण घेणार? मी नसताना कोण?
- गिऱ्हाइकाला किती वेळात आणि काय सांगणार?

हे आज, डोकं शांत असतानाच लिहा. टेम्पो दारात उभा असताना असले निर्णय नीट होत नाहीत.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.