विमानतळ वाढतो तेव्हा व्यापाऱ्याने काय पाहावे?

मुंबईला आता दोन विमानतळ झाले आहेत. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. आमच्या बाजारात याबद्दल दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. काही म्हणतात, हा श्रीमंतांचा मामला आहे, आपला काय संबंध? काही म्हणतात, आता माल झटपट आणि स्वस्तात जाईल. आमच्या मते दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. विमानतळ का वाढवावा लागतो, त्यात माल कसा जातो आणि खर्च कोण भरतो, एवढे समजले तर फायदा-तोट्याचा हिशोब ज्याचा त्याला करता येईल.

दुकान वाढले, गल्ली तेवढीच

मुंबईत विमानतळाची सुरुवात 1928 साली जुहूला झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारभार सांताक्रूझला गेला. त्या वेळी तो भाग शहराबाहेर होता. पुढे शहरच त्याच्याभोवती वसले. आज कुर्ला, जरीमरी, साकीनाका, विलेपार्ले या वस्त्यांनी तो चारी बाजूंनी वेढलेला आहे. विमानतळाच्या जमिनीवरच हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना अनेकदा निघाल्या, पण प्रश्न सुटला नाही.

येथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. चौकात एका रस्त्याची गाडी जात असताना दुसऱ्या रस्त्याला थांबावे लागते, तसेच येथे आहे. दोन्हींवर एकाच वेळी विमाने चालवता येत नाहीत. म्हणजे कागदावर दोन आणि कामाला एकच.

2014 साली येथे टर्मिनल 2 ही भव्य इमारत सुरू झाली. प्रवाशांची सोय झाली, हे खरे. पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी वाढत नाही. दुकान तीन मजली केले आणि गल्ली हातगाडीपुरतीच राहिली, तर माल येणार किती? तरीही या धावपट्टीवर 11 नोव्हेंबर 2023 रोजी एका दिवसात 1,032 विमानांची ये-जा झाली. 2024-25 या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी या विमानतळाचा वापर केला.

गर्दीच्या तासात 46 विमाने, म्हणजे दर 78 सेकंदांना एक चढणार किंवा उतरणार. इतक्या घट्ट विणीत एक धागा तुटला की सगळा ताणा बिघडतो. विमाने 40 ते 60 मिनिटे आकाशात घिरट्या घालू लागली. 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1.8 लाख रुपयांचे इंधन जळते, असा हिशोब सरकारनेच मांडला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तासाची संख्या 46 वरून 44 वर आणायला लावली. मागणी वाढत असताना विमाने कमी करावी लागली. दुसरा विमानतळ का हवा, याचे उत्तर यातच आहे.

उलवे येथील नवा विमानतळ

पनवेल-उलवे भागात 1,160 हेक्टर जमिनीवर हा विमानतळ उभा आहे. केंद्राची तत्त्वतः मंजुरी 2007 साली, पर्यावरण खात्याची 2010 साली, पायाभरणी 18 फेब्रुवारी 2018 रोजी आणि विमाने 2025 च्या अखेरीस. डोंगर कापावा लागला, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, दलदलीत भराव टाकावा लागला. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे 19,650 कोटी रुपये आहे.

पहिल्या टप्प्यात धावपट्टी एकच, 3,700 मीटरची. क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी आणि 5 लाख टन माल. सर्व टप्पे पुरे झाल्यावर 9 कोटी प्रवासी आणि 32 लाख टनांहून अधिक माल, असा आराखडा आहे. त्यातील दुसरी धावपट्टी पहिलीला समांतर आणि पुरेशा अंतरावर असेल, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी काम चालेल. सांताक्रूझची मूळ अडचण येथे टाळलेली आहे.

यासाठी दहा गावांनी घरे-जमिनी दिल्या, हे विसरता येणार नाही. 1984 साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे नवी मुंबईच्या भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित जमीन मिळू लागली. विमानतळासाठी ते प्रमाण साडेबावीस टक्के ठरले. कोळी बांधवांचा खाडीवरचा रोजगार मात्र अशा टक्केवारीत बसत नाही.

माल जातो कसा?

जुन्या विमानतळावरून वर्षाला आठ लाख टनांहून अधिक माल जातो-येतो. निव्वळ मालवाहू विमाने असतात, पण बराचसा माल प्रवासी विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात जातो. तेथे पहिला हक्क प्रवाशांच्या बॅगांचा. जागा कमी पडली की आपले खोके मागे राहते आणि पुढच्या विमानाची वाट पाहते. ईद किंवा नाताळच्या मोसमात आठवडाभराच्या दिरंगाईने ऑर्डर हातची जाते. म्हणून प्रवासी विमाने वाढणे, विशेषतः आखाती देश आणि युरोपकडे जाणारी, ही मालवाल्याच्याही फायद्याची गोष्ट आहे.

मात्र सगळाच माल विमानाचा नव्हे. भिवंडी-मालेगावचे ग्रे कापड विमानाने पाठवणे परवडणार नाही. ते कंटेनरनेच जाईल. जरीकाम, भरतकाम, तयार कपडे, धारावीची चामड्याची वस्तू, पसंतीसाठी पाठवायचे नमुने, म्हणजे वजनाला हलके, किमतीला भारी आणि घाईचे, तो विमानाचा माल.

येथे एक हिशोब आमच्या कारीगर बांधवांनी पक्का लक्षात ठेवावा. भाडे केवळ वजनावर लागत नाही, आकारावरही लागते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि 6,000 ने भागायचे. येईल तो आकडा आणि काट्यावरचे वजन, यांत जो मोठा त्यावर भाडे. समजा, दुपट्ट्यांचे खोके 60 बाय 50 बाय 40 आहे आणि काट्यावर 14 किलो भरते. गुणाकार 1,20,000, भागिले 6,000, म्हणजे 20 किलो. सहा किलोचे भाडे हवेचे भरले! कुरियरवाले बहुधा 5,000 ने भागतात, तेथे हेच खोके 24 किलोचे होते. खोक्याची उंची 40 ऐवजी 28 केली तर पहिल्या हिशोबात बरोबर 14 किलो येतात. कोणत्याही नव्या विमानतळाने होणार नाही एवढी बचत नीट बांधणीने होते.

पैसा कोण भरतो?

आधुनिकीकरण फुकट होत नाही. मुंबईचा विमानतळ 2006 साली खासगी चालकाकडे गेला. 2009 पासून येथून निघणाऱ्या प्रवाशाकडून विकास शुल्क घेतले जाऊ लागले, देशांतर्गत 100 रुपये आणि परदेशी 600 रुपये. उमरा-हजला जाणारा असो की दुबईला मजुरीला जाणारा, दर सर्वांना सारखा. हजची जहाजे 1995 नंतर बंद झाल्यापासून हाजींनाही विमानाशिवाय मार्ग उरला नाही. आता अशी शुल्के ठरवण्याचे काम विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण करते. दर ठरवण्यापूर्वी ते मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागवते. मोठ्या कंपन्यांचे वकील तेथे हजर असतात. छोट्या व्यापाऱ्याची बाजू मांडायची तर ती त्याच्या संघटनेनेच मांडली पाहिजे.

आता काय करावे?

बंगळूर आणि हैदराबादला 2008 साली नवे विमानतळ सुरू झाले तेव्हा जुने प्रवासी वाहतुकीला बंद झाले. मुंबईत दोन्ही चालू आहेत. म्हणून काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

एक, एअर वे बिलावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. जुन्याचा संकेत बीओएम आहे, नव्याचा एनएमआय. टेम्पो अंधेरीला आणि विमान उलव्याला, असे झाले तर दिवस गेला.

दोन, दोन्हीकडचे दर एजंटाकडून लेखी मागावेत. त्यात भाड्याबरोबर हाताळणी आणि साठवणुकीचा आकारही विचारावा.

तीन, गोदामापासूनचे अंतर धरावे. मदनपुऱ्याहून उलव्याला जायचे तर अटल सेतूचा टोल धरावा लागेल. पनवेल, तळोज्याच्या कारखानदाराला मात्र उलवे जवळ पडेल. न्हावा-शेवा बंदरही तेथून जवळच असल्याने मोठा माल जहाजाने आणि नमुने विमानाने, अशी जोड एकाच भागातून देता येईल.

चार, आयात-निर्यात परवाना क्रमांक दुसऱ्याचा वापरू नये, स्वतःचा काढावा. तो नसला तर माल आपला आणि नाव दुसऱ्याचे.

धावपट्टी सरकार आणि कंपन्या बांधतील. तिच्यावरून जाणारा माल आमच्या कारीगरांच्या हातचा असेल, पण त्याचा मोबदला हातात पडायचा असेल तर भाड्याचा हिशोब आणि कागदही आपल्याच हातात असले पाहिजेत. प्रत्येक बाजारातल्या संघटनेने जाणकार क्लिअरिंग एजंटाला बोलावून या विषयावर एक बैठक घ्यावी, अशी आमची विनंती आहे.