सार्जंटच्या कार्यमूल्यमापन अहवालातील व्यावसायिक क्षमतेचे वर्णन : अमेरिकी भूदलाच्या पद्धतीचे विवेचन

सारांश

अमेरिकेच्या भूदलात सार्जंट व त्यावरील नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या कामाचा लेखी मूल्यमापन अहवाल ठेवला जातो. पुढील पदोन्नतीच्या वेळी निवड करणाऱ्यांसमोर प्रत्यक्ष व्यक्ती नसते, हा अहवाल असतो. त्यामुळे व्यावसायिक क्षमतेचे वर्णन कोणत्या शब्दांत केले जाते, यावर त्या सैनिकाची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी अवलंबून राहते. अहवालाच्या नमुन्यात झालेले बदल, क्षमतेच्या नोंदीची भाषा आणि आकड्यांच्या मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : कार्यमूल्यमापन, व्यावसायिक क्षमता, सार्जंट, निर्णयशक्ती, समुपदेशन.

प्रस्तावना

कोणत्याही लष्करात अधिकारी योजना आखतात, परंतु ती जमिनीवर उतरविण्याचे काम नॉन-कमिशन्ड अधिकारी करतात. अमेरिकी भूदलातील पायदळाच्या नऊ जणांच्या स्क्वॉडचे नेतृत्व स्टाफ सार्जंटकडे असते. या स्क्वॉडमध्ये चार-चार जणांच्या दोन फायर टीम असून प्रत्येक टीमचा प्रमुख सार्जंट असतो. भारतीय भूदलातील हवालदार हे या पदाच्या जवळचे पद होय. म्हणजेच सार्जंट हा स्वतः कुशल सैनिक तर असतोच, शिवाय इतरांना कुशल करण्याची जबाबदारीही त्याच्याकडे प्रथमच आलेली असते. या टप्प्यावर त्याच्या सेवापुस्तिकेत पहिला मूल्यमापन अहवाल दाखल होतो.

सार्जंट फर्स्ट क्लास व त्यावरील पदांची निवड केंद्रीय निवड मंडळे करतात. ही मंडळे मुलाखत घेत नाहीत. ती सेवाविषयक कागदपत्रे तपासतात. ऑगस्ट २०२० पासून उमेदवाराचे अधिकृत छायाचित्रही मंडळासमोर ठेवणे बंद झाले. साहजिकच लिखित शब्दांचे वजन आणखी वाढले. प्रत्यक्षात सक्षम असलेला सार्जंट केवळ अहवाल लिहिणाऱ्याच्या ढिसाळ भाषेमुळे मागे पडू शकतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

'क्षमता' या संज्ञेचे अहवालातील बदलते स्थान

२००१ पासून २०१५ च्या अखेरपर्यंत 'डीए फॉर्म २१६६-८' हा नमुना प्रचलित होता. त्यात मूल्यांच्या नोंदींखेरीज पाच स्वतंत्र रकाने होते : क्षमता, शारीरिक सुदृढता व लष्करी रुबाब, नेतृत्व, प्रशिक्षण, आणि जबाबदारी व उत्तरदायित्व. क्षमतेच्या रकान्यात कर्तव्यातील व आपल्या लष्करी व्यवसायातील नैपुण्य, तांत्रिक व रणतंत्रविषयक ज्ञान, योग्य निर्णयशक्ती, सतत शिकण्याची वृत्ती आणि काम पूर्ण ताकदीने तडीस नेण्याची निष्ठा यांचा समावेश होता. प्रत्येक रकान्यात 'उत्कृष्ट', 'यशस्वी' किंवा 'सुधारणा आवश्यक' अशी श्रेणी दिली जात असे. 'उत्कृष्ट' अथवा 'सुधारणा आवश्यक' अशी खूण केल्यास ठोस उदाहरण देणे बंधनकारक होते. 'यशस्वी' श्रेणीसाठी ते ऐच्छिक होते. स्तुती असो वा दोष, पुराव्याशिवाय तो ग्राह्य नाही, हे तत्त्व या नियमामागे होते.

१ जानेवारी २०१६ पासून 'डीए फॉर्म २१६६-९' ही नवी मालिका अमलात आली. सार्जंट, स्टाफ सार्जंटपासून मास्टर सार्जंटपर्यंतचे अधिकारी आणि सार्जंट मेजर अशा तीन स्तरांसाठी तीन वेगळे नमुने करण्यात आले. भूदलाच्या नेतृत्वविषयक सिद्धान्तातील सहा घटक त्यांचा आधार बनले : चारित्र्य, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, बुद्धी, नेतृत्व करणे, विकास घडविणे आणि साध्य करणे. 'क्षमता' हा स्वतंत्र रकाना नाहीसा झाला. त्यातील तज्ज्ञता व निर्णयशक्ती 'बुद्धी' या घटकात गेली, इतरांना तयार करण्याचे काम 'विकास' या घटकात, तर कामाची फलनिष्पत्ती 'साध्य करणे' यात समाविष्ट झाली.

हा बदल केवळ रचनेपुरता मर्यादित नाही. जुन्या नमुन्यात क्षमता ही व्यक्तीजवळ असलेली गोष्ट मानली जात होती. नव्या नमुन्यात ती विचार, माणसे आणि परिणाम या तीन ठिकाणी दिसून यावी, अशी अपेक्षा आहे. अहवाल लिहिणाऱ्याचे काम त्यामुळे अधिक अवघड झाले. शिवाय सार्जंटच्या कामगिरीसाठी थेट वरिष्ठ असलेल्या मूल्यमापकासमोर 'मानकाची पूर्तता केली' आणि 'केली नाही' असे दोनच पर्याय ठेवण्यात आले. बहुसंख्य सार्जंट पहिल्या पर्यायात बसत असल्याने त्यांच्यातील फरक चौकटीतील खुणेवरून कळत नाही; तो नोंदीच्या शब्दांतूनच कळू शकतो.

नोंदीची भाषा

सार्जंटच्या अहवालात मूल्यमापक सलग परिच्छेद लिहीत नाही. तो मुद्देवजा छोट्या नोंदी करतो. नोंद शक्यतो एका ओळीची असावी, तिची सुरुवात कृतिदर्शक शब्दाने व्हावी आणि एक उदाहरण एकदाच वापरावे, असे संकेत आहेत. इंग्रजी वाक्यात क्रियापद आरंभी आणल्यास 'तो कसा आहे' यापेक्षा 'त्याने काय केले' याकडे लक्ष वेधले जाते. भूदलाचे मूल्यमापनविषयक नियम निराधार अतिशयोक्ती व गुळगुळीत शब्दप्रयोग निषिद्ध ठरवितात. ठळक अक्षरे, अधोरेखन किंवा उद्गारचिन्हे यांच्या साहाय्याने शब्द उठावदार करण्यासही मनाई आहे.

या संकेतांचा अर्थ काही काल्पनिक नोंदींवरून स्पष्ट होईल. वाहन दुरुस्ती विभागातील एका सार्जंटविषयी पुढील नोंद केली आहे असे समजू :

'आपल्या कामात अत्यंत तरबेज, अभ्यासू व समर्पित सार्जंट.'

ही नोंद कोणत्याही विभागातील कोणत्याही सार्जंटला लागू पडते. म्हणूनच ती कोणाविषयीच काही सांगत नाही. आता दुसरी नोंद पाहावी :

'बारा वाहनांच्या तपासणीचे वेळापत्रक नव्याने आखले. तीन आठवड्यांच्या युद्धसरावात एकही वाहन बिघाडामुळे बंद पडले नाही.'

या नोंदीत तीन गोष्टी आहेत : कृती, तिची व्याप्ती आणि परिणाम. तिच्यात एकही विशेषण नाही. तरीही तांत्रिक ज्ञान, नियोजन आणि चिकाटी या तिन्हींचा बोध होतो. गुणवाचक शब्द वाचकाने स्वतः मनात पुरवावा, हे क्षमतेच्या चांगल्या नोंदीचे लक्षण होय.

आकडे आणि त्यांच्या मर्यादा

ठोसपणाचा आग्रह धरताना आकड्यांचा आधार घेणे स्वाभाविक आहे. काही बाबतींत आकडा निःसंदिग्ध असतो. उदाहरणार्थ, रायफल पात्रता चाचणीत चाळीस लक्ष्यांपैकी किमान छत्तीस टिपणाऱ्यास 'एक्स्पर्ट' ही श्रेणी मिळते. चार जणांच्या टीममधील सर्वांनी ती मिळविली असल्यास तो आकडा बोलका आहे; कारण मानक सर्वांना ठाऊक आहे व मापन तिऱ्हाइताने केलेले आहे.

परंतु प्रत्येक आकडा पुरावा नसतो. 'वर्षभरात चाळीस प्रशिक्षण सत्रे घेतली' ही नोंद श्रमाची मोजदाद करते, त्यातून सैनिक काय शिकले हे ती सांगत नाही. तसेच संपूर्ण बटालियनच्या यशाचा आकडा एका सार्जंटच्या नावे लिहिल्यास नोंद भारदस्त दिसते, पण त्यात त्याचा वाटा किती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पगारपत्रके सांभाळणारा, रुग्णांची शुश्रूषा करणारा आणि तोफेच्या तुकडीचे नेतृत्व करणारा, या तिघांच्या कामाचे मोजमापही सारखे नसते. ज्या कामात आकडे सहज हाती लागतात, तेथील सार्जंट कागदावर अकारण उजवा ठरू शकतो.

निर्णयशक्तीचे वर्णन

व्यावसायिक क्षमतेतील सर्वांत मोलाचा आणि वर्णनास सर्वांत कठीण घटक म्हणजे निर्णयशक्ती. योग्य निर्णयामुळे टळलेला अपघात आकडेवारीत दिसत नाही. अशा वेळी प्रसंग, निवड आणि परिणाम ही त्रिसूत्री उपयोगी पडते. 'योग्य निर्णय घेतो' असे लिहिण्याऐवजी 'पाणी वाढलेले पाहून वाहनांचा ताफा ओढ्याअलीकडे थांबविला; पर्यायी मार्ग शोधून सर्व वाहने ठरल्या वेळेत पोहोचविली' अशी नोंद केल्यास निर्णयाची गुणवत्ता वाचकाला स्वतः पारखता येते.

समुपदेशन : नोंदीचा मूळ स्रोत

अशी नोंद अहवाल लिहिण्याच्या दिवशी सुचत नाही. नियमानुसार मूल्यमापकाने कालावधीच्या पहिल्या तीस दिवसांत सार्जंटशी प्राथमिक चर्चा करून अपेक्षा स्पष्ट करावयाच्या असतात व त्यानंतर दर तिमाहीस समुपदेशन करावयाचे असते. या चर्चांची लेखी नोंद साहाय्यक नमुन्यावर ठेवली जाते. हे काम केवळ औपचारिकता म्हणून उरकले गेले, तर वर्षाअखेरीस मूल्यमापकाच्या हाती विशेषणांखेरीज काही उरत नाही. अहवालावर सार्जंटचीही स्वाक्षरी असते. अहवाल पाहिला व त्यातील प्रशासकीय तपशील बरोबर आहे, एवढाच तिचा अर्थ असतो. तिच्यातून मूल्यमापनास संमती सूचित होत नाही. अन्याय झाल्याची भावना असल्यास अपिलाची तरतूद आहे. मात्र वर्षभर झालेल्या लेखी समुपदेशनाइतका भक्कम आधार ना अपिलाला मिळतो, ना अहवालाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात :

१) व्यावसायिक क्षमतेचे वर्णन विशेषणांनी होत नाही, ते कृती, व्याप्ती आणि परिणाम यांच्या उल्लेखाने होते.

२) आकडा तेव्हाच पुरावा ठरतो, जेव्हा त्यामागील मानक सर्वमान्य असते आणि त्यातील व्यक्तीचा वाटा निश्चित असतो.

३) निर्णयशक्तीसारखे अमूर्त गुण प्रसंगाच्या आधारेच नोंदविता येतात.

४) नमुना कितीही वेळा बदलला, तरी वर्षभराच्या निरीक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही.

जेथे अहवाल लिहिणारा एक आणि तो वाचून निर्णय घेणारा दुसरा असतो, अशा प्रत्येक संस्थेला हे लागू पडते. सर्वांनाच 'उत्कृष्ट' म्हटल्याने कोणाचेही भले होत नाही. त्यात खरोखर उत्कृष्ट असलेल्याचे नुकसान मात्र होते. कारण त्याच्यासाठी वेगळा शब्दच शिल्लक राहत नाही.