सुट्टीतील निसर्गाभ्यास आणि डॉ. सलीम अली यांचा पक्षिग्रंथ

निवासी शाळेत शिकणारे मूल वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, काही दिवस सलग घरी असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील पुष्कळ घरांत या दिवसांचा क्रम ठरून गेलेला आहे. आरंभी कौतुक, मग गुणांची चौकशी आणि त्यानंतर ज्याचा त्याचा मोबाइल. आईवडिलांना मुलाशी बोलायचे असते. परंतु मुलाचा अभ्यास त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या पुढे गेलेला असतो. अशा वेळी दोघांनाही सारखाच नवा आणि तरीही दाराशी असणारा विषय हवा. पक्षिनिरीक्षण हा तसा विषय आहे. त्यासाठी एक जुना, प्रमाणभूत संदर्भग्रंथ घरच्या घरी कसा वापरावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा ग्रंथ म्हणजे डॉ. सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तो 1941 साली प्रथम प्रसिद्ध केला. त्यानंतर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. ग्रंथ इंग्रजीत आहे; म्हणून तो विद्वानांसाठीच असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याची मांडणी अत्यंत सोपी आहे. प्रत्येक पक्ष्याचे चित्र, आकार, ओळखीच्या खुणा, आढळस्थान, सवयी, खाद्य, आवाज आणि घरटे यांची माहिती ठरावीक क्रमाने दिलेली असते. आकार सांगण्याची रीत तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांशी तुलना करून, त्यापुढे अधिक-उणे चिन्हे घालून नवा पक्षी केवढा ते कळवलेले असते. चिमणी आणि कावळा ओळखणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हाती हे माप आधीपासूनच आहे.

या ग्रंथाच्या कर्त्याची जडणघडणही पालकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. सलीम अली यांचा जन्म 1896 साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे मामांच्या घरी ते वाढले. 1908 साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. ओळखीची चिठ्ठी देऊन सोसायटीकडे पाठवले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दाखवला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्याच्या कारणाने सरकारी पक्षिशास्त्रज्ञाचे पद नाकारले गेलेला हा मुलगा भारतीय पक्षिशास्त्राचा आधारस्तंभ झाला. मामांपाशी उत्तर नव्हते. उत्तर कोठे शोधावे याची वाट मात्र त्यांनी दाखवली. घरच्या निसर्गाभ्यासात पालकाकडून एवढेच अपेक्षित आहे.

हेच तत्त्व अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी 1911 साली ‘हँडबुक ऑफ नेचर स्टडी’ या बृहद्ग्रंथात मांडले. त्यांच्या पाठांत आधी शिक्षकासाठी माहिती आणि नंतर मुलांसाठी निरीक्षणाचे प्रश्न असत. प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः पाहून मिळवायची. शिक्षकाने ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे मोकळेपणाने म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या ग्रंथातील बहुतेक पशुपक्षी आपल्याकडचे नाहीत. पद्धत मात्र आपण निःशंक घ्यावी आणि तिला सलीम अली यांच्या माहितीची जोड द्यावी.

त्या पद्धतीचा पहिला नियम असा की पक्षी दिसताच ग्रंथ उघडू नये. आधी पाहावे. तो केवढा आहे, कोठे बसला आहे, चोच कशी आहे, शेपटी हलवतो काय, काय खातो, एकटा आहे की जोडीने, हे एकमेकांना विचारावे आणि वहीत दिनांकासह लिहावे. जमेल तसे चित्रही काढावे. नंतर ग्रंथ उघडून आपली नोंद पडताळावी. आधी चित्र पाहिले की डोळा चित्रातीलच खुणा शोधू लागतो आणि न दिसलेलेही दिसल्यासारखे वाटते. नाव ही निरीक्षणाची सुरुवात आहे. नाव कळले म्हणजे अभ्यास संपला असे मानू नये.

एक उदाहरण घेऊ. कल्याण-डोंबिवलीतील जुन्या इमारतींच्या भिंतीत, सज्जाखाली किंवा पाइपामागच्या फटीत पिंपळाचे रोप उगवलेले दिसते. बोधिवृक्ष म्हणून आपण ज्याला वंदन करतो, तोच हा वृक्ष. तिसऱ्या मजल्यावर तो कोणी लावला? मुलाला तर्क करू द्यावा. मग जवळचा एखादा मोठा पिंपळ फळांनी भरला की तेथे सकाळी अर्धा तास बसावे. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, कोकीळ येतो. पानांत मिसळून जाणारा, कपाळ व छाती लाल असलेला, साधारण चिमणीएवढा पण गुबगुबीत हिरवा पक्षीही येतो. तो तांबट. उन्हाळ्यात ‘टुक्‌ टुक्‌’ असा भांडे ठोकल्यासारखा आवाज दिवसभर येतो, तो त्याचाच. आता ग्रंथातील ‘खाद्य’ ही नोंद पाहावी. वड-पिंपळाची फळे हे तांबटाचे आवडते अन्न आहे. फळातील बारीक बी न पचता विष्ठेवाटे भिंतीच्या फटीत पडते आणि पावसाळ्यात रुजते. रोपाचे कोडे ग्रंथात एका वाक्यात सोडवून ठेवलेले नसते. दोन-तीन नोंदी जोडून मूल ते स्वतः सोडवते. वटवाघळेही ही फळे खातात, हे पक्ष्यांच्या ग्रंथात सापडणार नाही. त्यासाठी दुसरे पुस्तक शोधावे लागेल.

भाषेची अडचण खरी आहे. परंतु तिच्यामुळेच काम सहज वाटून घेता येते. इंग्रजी नोंद मुलाने वाचून मराठीत सांगावी. दयाळ, खंड्या, ढोकरी, भारद्वाज, सुगरण ही नावे आईवडिलांनी किंवा आजीने सांगावीत. गावाकडून आलेल्या आजीला सुगरणीचे घरटे कोठे टांगलेले असते हे ग्रंथाआधीपासून ठाऊक असते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयोगी पडतो. ग्रंथ विकत घेणे शक्य नसल्यास ग्रंथालयातून आणावा.

निवासी विद्यार्थ्याला आपले गाव वर्षातील दोनच ऋतूंत दिसते. दिवाळीत मैदानावर शेपटी वरखाली हलवीत फिरणारा धोबी नुकताच उत्तरेकडून आलेला असतो. मे महिन्यात तो तेथे नसतो. मे महिन्यात कोकीळ सारखा ओरडत असतो आणि त्याची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. मधल्या महिन्यांची नोंद कोणी ठेवायची? येथे पालकांचा खरा वाटा आहे. उल्हास नदीकाठी किंवा तलावाकाठी दिसणाऱ्या मातकट ढोकरीची पाठ पावसाळ्याच्या सुमारास तांबूस किरमिजी होते. ती कोणत्या तारखेला दिसली हे आईने वहीत लिहावे. ठाणे खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी प्रथम केव्हा दिसले, हे लोकलने ऐरोलीकडे जाणाऱ्या वडिलांनी लिहावे. भेटीच्या दिवशी ही वही शाळेत न्यावी. मग भेटीत गुणांखेरीजही बोलण्यासारखे काही असेल.

ग्रंथावरही आंधळा विश्वास ठेवू नये. 1941 नंतर या परिसरातील भातखाचरे आणि माळराने मोठ्या प्रमाणावर बांधकामाखाली गेली. ग्रंथात ‘सर्वत्र आढळणारा’ म्हटलेला पक्षी आपल्या भागात वर्षभर दिसला नाही, तर तेही लिहून ठेवावे. दुसरीकडे, ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या क्षेत्राला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे कोणता पक्षी, किती, केव्हा येतो हे वर्षानुवर्षे मोजून लिहिणारी माणसे असल्यावाचून अशा जागांचे महत्त्व सिद्ध होत नाही.

निरीक्षण करताना घरट्याला हात लावू नये, पिल्लांच्या छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये, पक्षी उडवून पाहू नये. लागणारे साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि ग्रंथालयातील एक ग्रंथ. येत्या सुट्टीत मुलाने ‘हा कोणता पक्षी?’ असे विचारले, तर पालकांनी त्याला प्रथम एकच प्रतिप्रश्न करावा: ‘चिमणीपेक्षा मोठा की लहान?’